कमानीसमोरची काच

सगळी शाळा तिला आत्या म्हणायची. खरं तर ती वास्तुकार, शाळेच्या नव्या इमारतीचे नकाशे तिचे. पण तिची भाची त्याच शाळेत दुसरीत होती आणि आत्या बांधकामाची पिवळी टोपी घालून पहिल्यांदा आली त्याच दिवशी भाचीने वर्गात दवंडी पिटली होती, "ती टोपीवाली माझी आत्या आहे!" मग काय, पोरं आत्या म्हणू लागली, त्यांचं ऐकून गवंडी, सुतार, शिपाईकाका, आणि शेवटी मोठ्या बाईसुद्धा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. भाचीला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी ठरणं तिला ठाऊकच नव्हतं.

जुनी शाळा दगडी. मधोमध लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग, बोळाच्या टोकाला कमान. कमानीला दार कधीच नव्हतं. पलीकडे अंगण आणि अंगणात एक थोराड झाड. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरं वर्गांतून उधळत आणि बोळातून सरळ धूम ठोकत, थेट झाडाला हात लावेपर्यंत. त्यांच्या आज्याही अशाच पळाल्या होत्या. आत्याही पळाली होती, गुडघ्यावरचा व्रण अजून साक्षीला होता.

नवे वर्ग अंगणाच्या कडेला निघणार होते. ते जुन्या इमारतीला जोडायचे तर कमानीसमोरूनच आडवी वाट काढावी लागणार होती, आणि ऊन-पाऊस अडवायला त्या वाटेला अंगणाच्या बाजूने भिंत हवी होती. समितीतल्या कुणीतरी विटांची भिंत सुचवली तशी आत्या उसळली.

"कमानीतून झाड दिसलं नाही तर ती शाळा कसली? गोदाम म्हणा सरळ!"

तिने काच सुचवली. जमिनीपासून छतापर्यंत सलग, मध्ये चौकट नाही, पट्टी नाही. बाहेर जायचं दार बाजूला, वाटेच्या टोकाशी. "पोरांना जाणवतासुद्धा कामा नये की मध्ये काही आहे," ती म्हणाली आणि सभेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून ज्याचं डोकं ठिकाणावर राहतं असा वास्तुकार अजून जन्माला यायचाय.

बांधकाम चालू असेतो कमान प्लायवूड ठोकून बंद केली होती. पोरं मागच्या दाराने ये-जा करत आणि प्लायवूडला कान लावून ठोकाठोकी ऐकत. भिंगरी तर रोज विचारायची, "आत्या, झाड आहे ना गं अजून?"

"आहे, आहे. पळून जाणारंय का तुझ्यासारखं?"

काच बसली. काच बसवणाऱ्याने रीतीप्रमाणे तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या मोठमोठ्या फुल्या मारून ठेवल्या. पुढे त्या जागी पानांची नक्षी चिकटवायची होती, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. नक्षी छापून, गुंडाळी होऊन मोठ्या बाईंच्या कपाटावर पडली होती. पण त्याआधी एका मासिकाचा फोटोग्राफर येणार होता आणि आत्याला काच नितळ हवी होती. तिने फुल्या स्वतः नखांनी खरवडून काढल्या. साबणाच्या पाण्याने काच धुतली, कोरड्या फडक्याने पुसली, लांब जाऊन पाहिली, पुन्हा येऊन पुसली. वर्ग चालू असताना शिपाईकाकांनी प्लायवूड उतरवलं. आणि बोळातून झाड दिसलं! आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पोरांना सांगून ठेवू का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नको हो बाई. सुट्टीच्या आत आमचं उरकेल, नक्षीही लागेल. मग त्यांना एकदम दिसू दे. मला त्यांची तोंडं बघायचीत."

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते भरायला भलतंच कुणीतरी पुढे येतं.

फोटोग्राफर अंगणात झाडाखाली उभा राहिला आणि नेमका सूर्य ढगाआड गेला. तो म्हणाला, थांबू या. आत्या थांबली, आणि मासिकात आपलं नाव फोटोच्या वर येईल की खाली, याचा विचार करत राहिली.

घंटा झाली.

आत्याने वळून पाहिलं. बोळात वर्गांची दारं उघडली, पोरं बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. प्लायवूड गेलं होतं. कमान मोकळी होती! पलीकडे अंगण, झाड, आणि झाडाजवळ आत्या. एकच गिल्ला झाला आणि सगळा बोळ पळत सुटला. सगळ्यांत पुढे भिंगरी.

आत्या काचेच्या दिशेने दोन्ही हात पसरून ओरडली, "थांबा! थांबा!" इतकी जाड काच, बाहेरचा शब्द आत जाणार कसा? हे तिनेच तर पाहून घेतलं होतं, वर्गात गोंगाट नको म्हणून. भिंगरीला फक्त हात पसरलेली आत्या दिसली. तिचं तोंड फुललं. तिनेही हात पसरले, मान खाली घातली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

आवाज फार मोठा झाला नाही. काच फुटली नाही, तडासुद्धा गेला नाही. भिंगरी मागे फेकली गेली, मागची दोन पोरं तिच्यावर पडली, बाकीची कशीबशी थांबली. काचेवर रक्त होतं.

आत्याला नंतर काही नीट आठवेना. ती पळाली एवढंच तिला कळलं. पोर समोर पडली होती, पायात सँडल, एक सुटलेलं. आत्या तिच्याकडे सरळ पळाली आणि धाडकन काचेवर कपाळ आपटून अंगणात बसली. काच तिची, नकाशा तिचा, धुतली पुसली तिनेच, आणि तिलाही ती दिसली नाही. दार बाजूला आहे हे फोटोग्राफरने तिला दंडाला धरून सांगितलं.

दवाखान्यात भिंगरीच्या भुवईला टाके पडले, पुढचा दात अर्धा गेला. "दुधाचाच होता, डोक्यालाही काही नाही," डॉक्टर म्हणाल्या तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्याचा पडला नाही. दादा गावाला गेला होता, वहिनी कामावरून तशीच धावत आली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती लेकीजवळ बसली आणि तिच्या पायात सुटलेलं सँडल घालू लागली. मोठ्या बाईंचा फोन आला, कमानीला पुन्हा प्लायवूड ठोकलंय म्हणून. आत्या नुसतं "बरं" म्हणाली.

भिंगरीला मात्र कंठ फुटला होता. "आई, आत्यापण आपटली! बघ तिचं टेंगूळ!" ती फुटक्या दाताने हसली, दुखलं तशी थांबली. मग आत्याकडे वळली.

"सगळ्यांच्या आधी पोचले होते ना गं मी?"

"हो."

"तू असे हात केलेस ना," भिंगरीने दोन्ही हात पसरून दाखवले, "तेव्हाच मला कळलं, आत्या मलाच बोलावतेय. म्हणून मी एवढ्या जोरात पळाले."

हात तिने तसेच पसरून ठेवले, आत्याने जवळ घ्यावं म्हणून. आत्याचे हात मांडीवर होते. ते तिला वर उचलवेनात.