गोदाक्काची विहीर

सौम्या सकाळच्या पहिल्या बसने शहरातून वरुणा गावी उतरली ती डोक्यात राख घालूनच. आदल्या दिवशी शेजारच्या मळ्यातल्या गोदाक्काचा फोन आला होता. "तुझ्या तम्माला सांग, माझ्या विहिरीच्या पाण्याला म्हशीसुद्धा तोंड लावेनात."

तम्मा म्हणजे सौम्याचा धाकटा भाऊ सुधींद्र. दोघांच्या सामाईक जमिनीत अर्ध्यावर ऊस होता, अर्ध्यावर सुधींद्रने तळं खणून मासे सोडले होते. मासे लवकर वजनाला यावेत म्हणून तो खाद्याची पोतीच्या पोती ओतायचा. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण तळाशी कुजत राहायची.

बांधावर पोचायच्या आधीच वासाने तिने नाक दाबून धरलं. काठाला खाद्याच्या फुगलेल्या गोळ्यांची साय धरली होती. मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. सुधींद्र गुडघाभर पाण्यात उभा राहून तळाचा पाइप उघडायच्या बेतात होता. तो पाइप ओढ्यात सुटायचा, आणि ओढ्याला लागूनच गोदाक्काची विहीर.

"हात लावू नकोस!" सौम्या ओरडली.

"अय्यो अक्का, मासे मरतायत! खालचं पाणी काढल्याशिवाय नवं कुठे घेऊ?"

"खाद्य कमी टाक म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

"सगळेच टाकतात. मासे खातात, हगतात, त्याला मी काय करू?"

"मग ते पाणी आपल्या उसात सोड."

"उसात?" सुधींद्र दचकला. "बेडा, बेडा! नको! हा काळा गाळ उसाच्या बुडात साचला तर मुळं कुजतील!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. सौम्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उसाची मुळं कुजतील हे कळतं तुला! आणि त्या बाईच्या पोटात जातं ते?"

सौम्याने चपला काढून फेकल्या, शेडमधला पंप ओढत आणला आणि त्याचा पाइप उसाच्या सरीत टाकला. सुधींद्र आडवा आला, तशी ती म्हणाली, "जागा माझीपण आहे. हो बाजूला."

पंप सुरू झाला. काळं पाणी उसात पसरलं. पण तळाच्या पाइपापुढे पंपाचा जोर तो किती! नवं पाणी भरेपर्यंत अर्ध्याहून जास्त मासे उलटे होऊन तरंगू लागले. दोघांनी ते जाळ्याने काढून बांधाकडेला खड्ड्यात पुरले.

शेवटी सुधींद्र म्हणाला, "तूच मारलेस."

"मी नाही. तुझ्या पोत्यांनी मारले."

मग ती त्याला घेऊन गोदाक्काच्या दारी गेली. म्हातारी आभार मानेल अशी सौम्याची अपेक्षा नव्हती, आणि तिने मानलेही नाहीत. दोघांना उंबऱ्याबाहेरच उभं करून ती म्हणाली, "विहीर उपसून कोण देणार?"

"हा देईल," सौम्या म्हणाली. "आणि पाणी स्वच्छ होईतोवर रोज गाडीवरून पिण्याच्या पाण्याचे कॅन आणून देईल."

सुधींद्रने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून तो कॅन पोचवू लागला, पण बहिणीशी बोलणं टाकलं. शहरात, लष्कर मोहल्ल्यातल्या घरी सौम्याला आई रोज म्हणायची, "जाऊ दे गं, भाऊ आहे."

"भाऊ आहे म्हणूनच," सौम्या म्हणायची, आणि तिचा आवाज पुन्हा चढायचा.