मधला पूल

पंडितकाका आठवडाभर बीजिंगला काय जाऊन आले, त्याची शिक्षा अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या अख्ख्या मराठी मंडळींनी भोगली. शनिवारी घरी पॉटलक ठेवलं, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायचा, आणि जेवणाआधी टीव्हीवर फोटो. भुकेल्या माणसाला राजवाडा दाखवण्यासारखं पाप नाही, पण काकांना सांगणार कोण?

रोशनी इथे पहिल्यांदाच आली होती. नवरा अतुल कधीपासून या मंडळींत शिरायला धडपडत होता. आडनावाचा विषय निघाला तर तू गप्प राहा, मी निभावतो, असं त्याने तिला गाडीत बजावलं होतं. त्याचं निभावणं म्हणजे काय, तर आडनाव गिळायचं आणि 'नागपूर, धरमपेठ' एवढंच सांगायचं. जन्म नागपुरातल्याच इंदोऱ्यात, बुद्धविहाराच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात. विमानातून उतरले आणि साहेब एकदम उच्चभ्रू धरमपेठेचे झाले. रोशनीला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. तरी ती बरं म्हणाली होती.

टीव्हीवर तिथल्या राजवाड्यातले पांढरे संगमरवरी पूल आले. एक नाही, दोन नाही, चांगले पाच, शेजारीशेजारी. एवढ्याशा पाण्यावर पाच पूल कशाला, असं कुणीतरी विचारलं आणि काकांची कळी खुलली. मधला फक्त सम्राटाचा, त्याच्या बाजूचे राजघराण्याचे, कडेचे अधिकाऱ्यांचे. बाकीच्यांनी तिकडे फिरकायचंच नाही. काय ती शिस्त, प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक होती, असं काका अगदी भारावून म्हणाले. पुढच्याच फोटोत काका स्वतः मधल्या पुलावर उभे, कमरेवर हात, हाफ पँट. सम्राटाने पाहिलं असतं तर मुंडकं तिथेच राहिलं असतं, पण तेवढं सांगायचं काका विसरले.

मग ते अतुलकडे वळले. "तुम्ही आपल्यातलेच ना? आडनाव काय म्हणालात?"

"नागपूरचा मी. धरमपेठ."

"ते गाव झालं हो. आडनाव?"

अतुलने हसत पाण्याचा ग्लास उचलला. तो आडनाव पुन्हा गिळणार, हे रोशनीला दिसलं आणि तिचं टाळकंच सटकलं.

"मेश्राम," ती म्हणाली. "आता आम्ही कोणत्या पुलावरून यायचं, तेवढं सांगा."

काका घाईघाईने म्हणाले की अहो, अमेरिकेत कोण बघतं हे सगळं. मग विचारलंत कशाला, असं रोशनी बोलली नाही. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. काका रिमोट शोधायला लागले. तो त्यांच्याच हातात होता. त्यांच्या बायको मीनाक्षीकाकू टेबलावर जेवण मांडायला उठल्या.

रोशनीची अतुलकडे बघायची हिंमत होईना. त्याची इतक्या दिवसांची खटपट तिने एका शब्दात पाण्यात घातली होती. आता घरी जाताना हा तोंडातून अवाक्षर काढणार नाही, असं तिने मनाशी धरूनच टाकलं.

अतुलने ग्लास खाली ठेवला.

"आणि काका, धरमपेठ नाही," तो म्हणाला. "इंदोरा."

मग ताट घेतलं आणि जेवणाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.