बार्टलो घराण्याची गाडी

मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. पण मित्रांनो, मी धावून जुनी झाले नाही, उभी राहून झाले.

माझ्या दारावर अमेरिकेतल्या बार्टलो घराण्याचं नाव आहे. आजोबा पोलादाचे कारखानदार, मुलगा राजकारणातलं बडं प्रस्थ, सुनेनं गोरगरिबांसाठी संस्था काढलेली. त्या संस्थेनं मला वाशीम जिल्ह्यातल्या रिठदजवळच्या एका गावाला भेट दिलं. गावातल्या धुरपताबाईंनी माझ्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता कोनाले बाजेवर टाकून न्या लागनार नाही." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पहिलं वर्ष मी ऊर फुटेस्तोवर धावले. गोमतीबाईंची नात तर माझ्यातच जन्मली. मग अमेरिकेतून पाहुणे आले, त्यांनी माझे फोटो काढले आणि जाताना सांगितलं, गाडी अशीच नीट ठेवा, पुढे दवाखानाही बांधून देऊ. झालं. गावच्या मंडळाचे अध्यक्ष दौलतराव यांनी ते मनावर घेतलं. माणूस वाईट नव्हता, गावात दवाखाना व्हावा म्हणून जिवाचं रान करत होता. पण तेव्हापासून माझी चावी त्यांच्या खिशात गेली. मला रोज पुसायचे, वर चादर घालायचे, आणि बारीकसारीक दुखण्याला "आटोनं जा" म्हणायचे. हळूहळू सगळीच दुखणी त्यांना बारीकसारीक वाटू लागली.

तीन वर्षांपूर्वी, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, पाहुणे पुन्हा येणार म्हणून पेंटरनं माझ्यावरचं नाव नव्यानं रंगवलं. त्याच दुपारी धुरपताबाईंची मुलगी सुकेशनी धापा टाकत आली.

"काका, आईले वावरात साप चावला. गाडी काढा."

"रंग ओला हाय वं," दौलतराव म्हणाले. "धूळ बसली तं उद्या पाहुन्याईले काय दाखवाव? देवमनचा आटो बलावतो."

माझा ड्रायव्हर ग्यानबा पुढे झाला. "भाऊ, चावी द्या. नाव काय, परत लिवता येते."

"गावाले दवाखाना पायजे का नाही?" दौलतरावांनी त्यालाच विचारलं.

आटो यायला पाऊण तास गेला. मी अर्ध्या तासात वाशीमचा दवाखाना गाठला असता. धुरपताबाई वाटेतच गेल्या, आणि मी सावलीत उभी होते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत. बार्टलोंचा नातू निवडणूक हरला, भावाभावांत कंपनीच्या वाटण्या झाल्या, संस्था बंद पडली, एवढा निरोप आला. तो ऐकून दौलतरावांनी खिशातून माझी चावी काढली आणि ग्यानबाच्या हातात दिली.

तेव्हापासून मी गावाला मोकळी आहे, पण मला कुणी बोलावत नाही. परवा सुकेशनीचा मुलगा तापानं फणफणला. ग्यानबानं मला तिच्या दारात नेऊन उभं केलं. तिनं पोराला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

"राहू द्या काका," ती म्हणाली, "कायले मळवता तिले?" आणि ती आटो थांबतात तिकडे चालू लागली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, आधी वापरा. मला खरचटू द्या, माझ्या सीटवर रक्त सांडू द्या, दारावरचं नाव पुसून जाऊ द्या. इतकं चकचकीत राहून मला आता जगवत नाही.