सगलची सांडणी

अंबारोच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव सगल होतं.

मिनियापोलिसच्या आमच्या सोमाली बाजारात अंबारोचा संबूशांचा, म्हणजे खिमा भरलेल्या समोशांचा, गाळा. पण तिला लोक ओळखायचे ते संबूशांमुळे नव्हे. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मायदेशातल्या पुढाऱ्यांना शिव्या घालायची सभा असो, सुरुवात व्हायची ती तिच्या बुरांबूरने. बाईनेच रचायचं, बाईनेच म्हणायचं, आणि बाकीच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरून मध्ये नाचायला उतरायचं, अशी ती बायकांची कविता. तिच्याशिवाय सभा सुरू झाली तर म्हाताऱ्या म्हणायच्या, ही कसली सभा, ही तर पुरुषांची खोकाखोकी.

आणि सगल? कालची पोर! याच गाळ्यामागे बसून पिठाच्या पट्ट्या लाटता लाटता तिने हे शिकून घेतलं होतं. एकच अक्षर धरून अख्खी कविता कशी न्यायची, श्वास कुठे घ्यायचा, बायकांच्या नजरा कशा बांधून ठेवायच्या, सगळं अंबारोने शिकवलं. आता सगल एका वृद्धाश्रमात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी फोनवर कविता म्हणून लोकांना पाठवायची. टोरांटोपासून नैरोबीपर्यंत लोक ऐकत होते म्हणे. ऐकोत बापडे. अंबारोला त्याचं काय? काहीच नाही, असं ती दिवसातून दहादा म्हणायची.

मग तो करार आला. शेजारच्या देशातल्या एका हॉटेलात परक्या राजदूतांनी आपल्या पुढाऱ्यांना कोंडून बसवलं आणि सह्या घेऊनच सोडलं. चार मोठ्या कुळांना सत्तेत एकेक वाटा, उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. लष्कर परक्यांचं, बंदरावर नजर परक्यांची. आमच्या बाजारात भडका उडाला. चहाच्या दुकानात एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका टेबलावर बसून टेबल बडवायला लागली. त्यात तो करार समजावून सांगायला एक परदेशी साहेब खुद्द आमच्या सभागृहात येणार असं ठरलं. झालं! विरोधासाठी समिती निघाली. अध्यक्ष लांबदात्या शिरवा. आमच्यात माणसाच्या व्यंगावरूनच नाव पडतं आणि ते कुणी मनावर घेत नाही.

शिरवा गाळ्यावर आला, तेव्हा अंबारोने चहा पुढे केला आणि मनातल्या मनात पहिली ओळसुद्धा जुळवून टाकली.

"अंबारो, तुझ्याकडून तीनशे संबूसे हवेत," शिरवा म्हणाला.

"देईन की. आणि म्हणायचं कधी? साहेब यायच्या आधी की नंतर?"

शिरवाने चहाचा लांबलचक घोट घेतला. "त्याचं असं आहे, बुरांबूर या खेपेला सगल म्हणतेय. तरुण पोरांना तिचं आवडतं. तू आता जरा बस ना आरामात, खुर्चीवर, पुढच्या रांगेत."

"पुढच्या रांगेत मी काय तुझे दात मोजू?" अंबारो म्हणाली. शिरवा हसला, आणि तीनशेचे साडेतीनशे करून गेला.

शेजारी अत्तरं आणि धुपाचं दुकान चालवणारी दहाबो सगळं ऐकत होती. ऐकून गप्प बसेल तर ती दहाबो कसली! "जाऊ दे गं," ती म्हणाली, "आपणच शिकवलेल्या पोरीचं नाव झालं तर मान आपलाच ना?"

"हो तर," अंबारो म्हणाली, आणि हातातला संबूसा एवढा दाबला की खिमा बाहेर आला. मान म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात: त्या पोरीचा घसा बसो, तिची जीभ अडखळो, ती ऐन वेळी विसरो.

आणि बघा, सभेच्या आदल्या दिवशी सगलचा घसा खरंच बसला. वृद्धाश्रमातून ती खोकला घेऊन आली होती. गळ्याला शाल गुंडाळून ती गाळ्यावर आली. आवाज म्हणाल तर फाटक्या भात्याचा.

"एद्दो," ती म्हणाली. वडिलांची बहीण असो नसो, मानाच्या बाईला आमच्यात एद्दोच म्हणतात. "एद्दो, माझं तुम्ही म्हणा. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मला ते द्यायचं नाही."

अंबारोला आनंद झाला, तो लपवायला तिने कढईत झारा घातला. "ऐकव तर खरं," ती म्हणाली.

सगलने कुजबुजत ऐकवलं. प हे अक्षर धरलं होतं. देश म्हणजे नुकती व्यालेली सांडणी, आणि तिच्या भोवती परक्यांची पंगत.

पाहुणे बसले पंगतीला, पुढ्यात सांडणी पहिलटकरीण,
पिऊन पोट भरलं त्यांचं, पिल्लाला पाजणार कोण?

पुढे आणखी बरंच होतं आणि सगळं असंच. अंबारो ऐकत राहिली. वाईट असतं तर किती बरं झालं असतं! तिने स्वतः जुळवलेल्यात डोंगर होते, वाडवडील होते, तलवारी होत्या. हिच्यात एक तहानलेलं पिल्लू होतं, आणि त्याच्यापुढे त्या सगळ्या तलवारी भंगार वाटत होत्या. ही कुठून आणते हे, मेली? मी हिला हे तर शिकवलं नव्हतं!

"बरं आहे," अंबारो म्हणाली. "म्हणेन. तुझं नाव घेऊन म्हणेन."

नाव घ्यायचं, हे बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दुसऱ्याची कविता म्हणायची तर आधी रचणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. नाव गाळणारा आणि रात्री दुसऱ्याचे उंट हाकून नेणारा, दोघं एकाच माळेचे मणी.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. साहेब भला माणूस दिसत होता, सारखा मान डोलवत होता. शिरवाने पुकारलं, "सगलची तब्येत बरी नाही, म्हणून अंबारो म्हणेल." आणि अंबारो मंचावर चढली.

समोर बायकांच्या रांगा. तिला बघून तरुण पोरी एकमेकींकडे वळल्या. एकीने जांभई दिली. एकीने फोन काढला, तोही तिचं चित्रण करायला नव्हे, आपले निरोप वाचायला. पुन्हा हीच का, असं त्या तोंडांवर लिहिलेलं होतं. मागे भिंतीला टेकून सगल उभी होती, गळ्याला शाल, आणि तिच्या आजूबाजूच्या बायका तिचीच विचारपूस करत होत्या.

अंबारोने तोंड उघडलं. "हे बुरांबूर..." म्हणाली, आणि ते नाव काही घशातून बाहेर येईना. माझ्या तोंडाने या पोरीला आणखी मोठं करू? इथे, सगळ्यांसमोर? तिने श्वास घेतला आणि सरळ पहिली ओळ धरली.

तिसऱ्या ओळीला निरोप वाचणं थांबलं आणि फोन चित्रणासाठी वर आले. पिल्लाची ओळ आली तेव्हा म्हाताऱ्या हलिमोने हंबरडा फोडला आणि बायका उठल्या. टाळ्यांचा ठेका धरला गेला, एकेक जण मध्ये उतरली, अंबारोच्या अंगावर शालींचा पाऊस पडला. जांभई देणारी पोर रडत होती. नंतर साहेब बोलायला उभा राहिला तेव्हा सभागृह एका आवाजात विचारत होतं, "पिल्लाला पाजणार कोण?" आणि दुभाष्याला काही ते इंग्रजीत सांगता येईना. लोक तसेच ओरडत बाहेर पडले. साडेतीनशे संबूसे आणि एक साहेब, एवढेच आत उरले.

सगल शेवटपर्यंत भिंतीशी उभी होती. ती ओरडू शकत नव्हती. ओरडली असती का, तेही सांगता येत नाही. ती फक्त बघत राहिली. अंबारोने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शाली गोळा करायला वाकली. वाईट वाटलं का? नाही. खरं सांगायचं तर इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ते चित्रण वाऱ्यासारखं पसरलं. मोगादिशूत रिक्षावाले भोंग्यातून तेच वाजवायला लागले. "अंबारोची सांडणी" असं त्याला नाव पडलं. सगल गाळ्यावर यायची बंद झाली, आणि अंबारो म्हणाली, बरं झालं, पीडा टळली.

मग मोगादिशूहून तिच्या धाकट्या भावाचा, अर्रालेचा फोन आला. तो तिथे एका कचेरीत कारकून होता.

"अबायो," तो बहिणीला म्हणाला, "मला घरी बसवलंय. तुझ्या त्या सांडणीने लाथ मारली बघ. वरचा साहेब करारवाल्यांचा माणूस. म्हणाला, बहिणीला आवरता येत नाही तो कचेरी काय सांभाळणार?"

"अरे देवा! आता रे?"

"आता ऐक. इथे काही बायका म्हणतायत, हे अंबारोचं विणकाम नव्हे, हे कुठल्या तरी पोरीचं आहे. आपल्या कुळाचे म्हातारे बोलले साहेबाशी. तू फक्त तुझ्या आवाजात निरोप पाठव, कविता माझी नाही, अमकीची आहे. म्हणजे शनिवारी मी परत खुर्चीवर. कोण आहे ती?"

सगलची आई तिकडे मोगादिशूतच होती, बाजारात चहाचा ठेला टाकून. पोरीचं नाव तिकडे पोचलं की तो ठेला जाणार, हे न कळायला अंबारो काही दूधखुळी नव्हती. पण खरं सांगू? त्या घटकेला तिच्या मनात ना ती आई होती ना तो ठेला. सख्खा भाऊ विनवत होता, त्याची पोरं मागे गलका करत होती, आणि दोन शब्दांत सगळं मिटणार होतं. ती ते शब्द बोलायला निघालीही होती.

"बोल ना, अबायो," अर्राले कळवळून म्हणाला. "सगळ्यांना माहीतच आहे गं. इतकी वर्षं तू कविता करतेस, तुझ्या कवितेने कधी कुणाची नोकरी गेली का?"

बस्स. तिथेच चुकलं त्याचं.

"माझीच आहे ती," अंबारो म्हणाली. "अक्षर न् अक्षर माझं आहे. सांग जा तुझ्या साहेबाला. आणि त्या विणकामवाल्या बायकांनाही सांग."

अर्रालेने फोन आपटला. त्यानंतर त्याचे फोन आले ते शिव्या द्यायला, आणि मग तेही बंद झाले. तो एका नातलगाच्या गोदामात पोती मोजतो असं दहाबोकडून कळलं. अंबारो गाळ्यावर बसून रडली. पण निरोप काही तिने पाठवला नाही.

आणि एका सकाळी सगल आली. घसा बरा झाला होता. आत येऊन ती सरळ अंबारोच्या पायाशी बसली आणि तिचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. अंबारोचा हात पिठाने माखलेला होता.

"एद्दो, आईने सांगितलं मला सगळं. तिकडे चौकशी झाली. तुमच्या भावाची नोकरी गेली तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणि मी मूर्ख! मला वाटत होतं, तुम्ही चोरी केलीत. तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्या आईचाच विचार करत होतात."

अंबारोने हात सोडवून घेतला. नाही म्हणावं तर काय सांगावं? हो म्हणावं तर कोणत्या तोंडाने?

"ऊठ, पीठ लागेल," ती एवढंच म्हणाली.

"ती कविता मी तुम्हाला दिली," सगल म्हणाली. "मनापासून. आजपासून ती तुमची."

अंबारोला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चोरलेली होती तोवर निदान आपल्या जोरावर मिळवलेली होती. आता ती या पोरीने ओंजळीत टाकलेली भीक झाली!

"मला नको तुझं दान," ती फिसकारली. "पुढच्या सभेला मी माझं म्हणणार आहे. जुळवलंय मी."

सगल इतक्या हळुवारपणे बोलली की त्यापेक्षा शिवी परवडली असती. "एद्दो, लोक आता सांडणीसारखं मागतील. आई तिकडे आहे तोवर मला नाव लावता येत नाही. मी रचते, तुम्ही तुमच्या नावाने म्हणा. कुणाला कळणार नाही. नवं केलंय एक. ऐकवू?"

घालवून द्यावी हिला, अंबारोच्या मनात आलं. पण कान आधीच टवकारले होते, मेले. "म्हण," ती म्हणाली.

सगलने द धरला होता.

दमून आले दूरदेशीहून, दारच माझं, माझा गाव,
दारी उभा दुसराच कुणी, देईना आत शिरकाव.

यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून तर अंबारोने काढली. "दुसरी ओळ ढिली आहे," ती तुटकपणे म्हणाली. "जीव नाही तिच्यात."

सगलने वाद घातला नाही. तिने डोळे मिटले आणि लहानपणी करायची तशी बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून ती ओळ पुटपुटत राहिली. मग डोळे उघडले.

"दारी उभा दुसराच कुणी, दटावून पुसतो माझं नाव."

कढईतल्या तेलाचा धूर यायला लागला, तरी अंबारो हलली नाही.

"खरंच हो, एद्दो!" सगलचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आधीची ढिलीच होती. तुमच्यावाचून मला सापडलीच नसती ही. आता झाली का नीट?"

"झाली," अंबारो म्हणाली.

"मग घ्या," सगल म्हणाली, "तुमचीच आहे."