पूजेतून उठलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझा भोचक स्वभावही माझ्याइतकाच जुना आहे. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत जन्मले कोण जाणे. जोडणी मात्र इथल्याच एका दुकानात झाली. नवा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू! मुलं माझ्यापुढे रांग लावायची. प्राध्यापक मंडळी आधी चष्मा पुसत आणि मगच माझ्यासमोर बसत.

पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि माझा भाव उतरला. माझा पंखा घरघरू लागला, सुरू व्हायला वेळ लागू लागला. मुलं मला ‘आजोबा’ म्हणू लागली. एकाने तर माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवला! तरी एक मोठेपण माझ्याकडे उरलं होतं. आमचं कॉलेज दरवर्षी वर्गणी भरून एक ऑनलाइन ग्रंथालय घेतं. जगभरच्या संशोधकांचे लेख तिथे पूर्ण वाचायला मिळतात. ते कॉलेजच्या संगणकांवरच उघडतं, आणि ग्रंथालयातला संगणक म्हणजे मी एकटाच.

काय सांगू त्याची मजा! कुणी गोदावरीतलं शेवाळ शोधायला येई, कुणी द्राक्षाची साल का तडकते ते. एकाला उत्तर सापडलं की त्यालाच दोन नवे प्रश्न फुटायचे. उद्या कोण काय विचारणार, या विचाराने मला चैन पडत नसे. “इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं, वर्गणी कशाला?” असं एक सर उठता-बसता म्हणत. मला संताप यायचा, पण आम्हाला विचारतो कोण?

माझ्याकडे नेमाने येणारी एक मुलगी म्हणजे झेबा. विंचूरची. साठवलेला कांदा का बिघडतो, हा तिचा संशोधनाचा विषय. तिचे वडील इनायतभाई कांद्याचे व्यापारी. त्यांचा सगळा उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा लांबट उघड्या शेडमध्ये भरलेला होता. त्या वर्षी नवरात्रात त्याला कोंब फुटू लागले. झेबाला मोबाइलवर एक लेख दिसला. एक औषध फवारलं की कोंब थांबतात, असं त्याच्या सारांशात होतं. फुकट दिसत होता तेवढा सारांशच. बाकीच्या लेखाला कुलूप. पोरगी हरखून गेली आणि तिने वडिलांना लगेच औषध आणायला सांगितलं.

फवारणीचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. ग्रंथपाल उज्वलाताईंनी मला पुसून हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती, समोर नारळ ठेवला होता. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मीही नवरदेवासारखा ऐटीत बसलो होतो. इतक्यात झेबा धावत आली.

“ताई, एकच लेख उघडायचाय.”

“आज नाही गं. पूजेला बसलाय तो. दसरा झाला की ये.”

“अब्बा आज दुपारीच फवारणार आहेत. मी नुसता सारांश वाचून सांगितलं त्यांना. काल रात्रीपासून जीवाला घोर लागलाय, आत काय लिहिलं असेल!”

उज्वलाताईंनी माळेकडे पाहिलं, मग झेबाच्या चेहऱ्याकडे. बाई मोठ्या रीतीभातीच्या. पण त्यांनी मला हात जोडले आणि माळ अलगद उतरवली.

“अडल्यावेळी हत्यार उपसायचं नाही, तर ते पुजायचं कशाला? कर चालू!”

आयुष्यात मी इतकी घाई कधी केली नव्हती. पंखा घरघरला, हळद उडाली, एकदाचं ऑनलाइन ग्रंथालय उघडलं आणि लेखही. झेबा पानं सरकवत गेली आणि एका जागी थबकली. प्रयोग बंद, कोरड्या शीतगृहात केलेला होता. उघड्या शेडमध्ये तेच औषध मारल्यावर ओलावा धरून कांदा मानेपाशी सडला, असं त्याच संशोधकांनी पुढे स्वच्छ लिहिलं होतं. तिने लगेच वडिलांना फोन लावला आणि माझ्या शेजारीच तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“अब्बा, फवारू नका! चाळीसाठी नाही ते औषध. सगळा कांदा सडेल.”

“अगं, पंप भरलाय, माणसं उभी हायेत.”

“चूक माझी आहे अब्बा. मी पूर्ण वाचलंच नव्हतं.”

पलीकडून फवारणाऱ्या गड्याला मारलेली हाक ऐकू आली, “इमरान, पंप खाली ठेव रे!” आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर मला आनंदच होईल. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. वर्गणीने उघडलेलं हे दार बंद पडू देऊ नका, आणि उघडं असेल तेव्हा उंबऱ्यावरून परत फिरू नका. आत आणखी काय आहे, ते बघा.

त्या दुपारी ग्रंथालयाला कुलूप लावायची वेळ टळून गेली. उज्वलाताईही स्टूल ओढून बसल्या होत्या. झेबा डोळे पुसत एकेक लेख उघडत होती आणि तिकडून, चाळीच्या सावलीतून, इनायतभाई फोनवर विचारत होते, “अर्धं वाचून आमाला पळवलंस ना बेटा? आता अर्ध्यावर नको सोडू. आपल्या चाळीचं काय म्हणत्यात ती लोकं? वाच. पुढं काय लिवलंय?”