घार मधेच खाली उतरते

कारखान्यात सगळे तिला घार म्हणत. छताला लागून पुढे-मागे धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये ती बसायची आणि तिथून तिची खाली सगळ्यांवर नजर असायची, म्हणून घार. एकवीस वर्षं ती पोलादी पत्र्यांची अवजड गुंडाळ्या उचलून ठेवत होती. इतक्या वर्षांत शिफ्ट सुरू असताना ती एकदाही मधेच खाली उतरली नव्हती. फोरमन नव्या माणसांना हे कौतुकानं सांगायचा आणि तीही मान ताठ करून ऐकायची.

खरं कारण वेगळंच होतं. बायकांचा संडास आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑफिसच्या मागे होता. शिडीच्या बेचाळीस पायऱ्या उतरायच्या, तिथवर चालत जायचं आणि परत यायचं म्हणजे वीस मिनिटं गेली. तोवर खाली सगळं काम ठप्प होणार आणि पंचवीस पुरुष हात बांधून वर बघत राहणार. सुरुवातीलाच तिनं ठरवून टाकलं होतं की पाणी कमी प्यायचं आणि कळ आली तर दाबायची. दाबता दाबता सवय झाली, आणि पुढे पुढे कळ येणंच बंद झालं.

आता वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आठ-आठ दिवस तिचं पोट साफ होत नव्हतं. इसबगोल झालं, एरंडेल झालं, रंगीबेरंगी पुड्या झाल्या. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगायचं. घरी शिवणकाम करणारा नवरा तिच्या पँटची कंबर तिसऱ्यांदा उसवताना म्हणाला, "अगं, कापड संपलं आता. डॉक्टरकडे जा."

"काय सांगू तिथे? लाज नाही वाटत?"

"मग मी येतो आणि मी सांगतो."

"नको, नको," ती घाईघाईनं म्हणाली. "जाते मी एकटी."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. आतड्यात अडथळा नव्हता, गाठ नव्हती. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुमच्या शरीरानं बरीच वर्षं हाका मारल्या. तुम्ही ओ दिली नाहीत, म्हणून ते गप्प बसलं. औषधं तर झाली. आता एक करून बघता येईल. घोट्याजवळून एक नस जाते. ती आणि पोटाच्या खालच्या भागाच्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी पोचतात. घोट्याला बारीक सुई लावून हलका करंट द्यायचा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, असं बारा आठवडे."

"गुण येईल नक्की?"

"काहींना येतो, काहींना नाही. खोटं कशाला सांगू? पण एक अट आहे. कळ आली की जायचं. ती दाबलीत तर सगळं पाण्यात."

दर बुधवारी शिफ्ट संपली की ती तिथे जाऊ लागली. नर्स सुई टोचायची, बटण फिरवायची आणि तिचा पायाचा अंगठा आपोआप उडायचा. पहिल्यांदा तिला हसूच आलं. मशीन चालवणं हा तिचा धंदा, आणि इथे मशीन तिला चालवत होतं. पाच आठवडे झाले, सहा झाले, तरी काही नाही. सातव्या बुधवारी ती वैतागून नवऱ्याला म्हणाली, "अहो, अंगठा तेवढा नाचतोय. पोट आपलं ढिम्म."

आठव्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, हुकाला गुंडाळी लटकलेली असताना तिच्या ओटीपोटात काहीतरी हललं. काय आहे ते तिला आधी कळेचना. मग ओळख पटली, ही कळ होती. हात सवयीनं लीव्हरवरच राहिला. श्वास रोखून, दात आवळून ती थांबली. अजून दोन गुंडाळ्या, मग जरा उसंत. तोवर ही कळ जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि पुन्हा कधी येईल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं गुंडाळी सावकाश खाली नेली, बैठकीवर टेकवली, हूक सोडवून घेतला आणि वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "साहेब, मी खाली येतेय."

"का गं? क्रेन बिघडली?" फोरमनचा आवाज आला.

"क्रेन ठीक आहे."

"मग? चक्कर येतेय का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग उद्या काय, परवा काय? रोज कुठून आणायची चक्कर?

"मला संडासला जायचंय," ती म्हणाली. सगळ्यांचे वॉकी-टॉकी एकाच चॅनेलवर होते. खाली कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग फोरमन म्हणाला, "बरं, जा. शिडी नीट उतर. आणि हसणाऱ्यानं जरा माझ्यासमोर येऊन हसावं."

आवार ओलांडताना तिचे कान तापले होते, पण पाय थांबले नाहीत. परतली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. सगळे हात बांधून उभे होते, अगदी तिला वाटलं होतं तसेच. ती त्यांच्यामधून सरळ चालत गेली आणि शिडी चढली. एक म्हातारा वेल्डर मात्र वर बघून इतकंच म्हणाला, "बरं केलंस, बाई."

बारा आठवडे संपले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आता आठवड्यातून तीनदा, कधी चारदा पोट साफ होतं. एखादा आठवडा पुन्हा कोरडा जातो, मग ती धास्तावते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्यातून एकदा येत राहा, बघू कसं टिकतं ते. फोरमननं दुसऱ्या क्रेनवाल्याला साडेअकराला तिच्या जागी बसवायला सुरुवात केली. त्यानं आधी कुरकुर केली, मग त्यालाही सवय झाली.

उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला, नवीन घर बघायला ये म्हणून. दुसऱ्याच्या घरी मुक्काम म्हटला की तिला नको वाटायचं. तिथला संडास, बाहेर ताटकळणारी माणसं, दारावरची टकटक. दहा वर्षं ती काही ना काही सबब सांगत आली होती.

"येते," ती म्हणाली. "चार दिवस राहीन."

"चार?" बहिणीला खरं वाटेना. "तुझ्या क्रेनचं काय?"

"क्रेन राहील तिथेच," ती म्हणाली आणि नवऱ्याला बॅग काढायला सांगितली.