सीडी अडते तिथे

तिसऱ्या यंत्रानेही ती वाचली.

दुकानदार बोट वर करून उभा होता. सीडीवरचा चरा यायच्या जागी त्याने डोळे मिटले, गाणं त्या जागेवरून सुळकन निघून गेलं, आणि त्याने डोळे उघडले ते स्वतःच गायल्यासारखे. "ऐकलंत? एक टिपूस सांडला नाही."

समोरचा माणूस "हो" म्हणाला, पण कुणी गेल्याची बातमी ऐकून म्हणतात तसं.

दुकानदाराला काही कळेना. सकाळपासून तो या माणसाला समजावत होता. प्लेअर म्हणजे एका खोलीत दोघं, एक वाचणारा आणि एक बोलणारा. ट्रान्सपोर्ट म्हणजे नुसता वाचणारा. तो सीडीवरचे आकडे वाचतो आणि तारेतून पुढे ढकलतो. त्या आकड्यांचा आवाज करणारा डबा यांच्याकडे आहे, अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्पीकर ठणठणीत आहेत, गेलाय तो फक्त वाचणारा. मग अख्खा प्लेअर कशाला? स्वस्तातला ट्रान्सपोर्ट घ्या आणि मोकळे व्हा. बोलता बोलता त्याने विचारलं होतं की आपण काय करता, आणि विजेचे मीटर वाचतो असं उत्तर आल्यावर तो खूश झाला होता. म्हणजे तुम्हीच ट्रान्सपोर्ट की. आकडा तुमचा, बिल दुसऱ्याचं आणि शिव्या पुन्हा तुम्हालाच.

एरवी मीटरवाला हसला असता.

पहिल्या यंत्राचं झाकण वरून उघडायचं. दुसऱ्याचा ट्रे लोण्यातून सरकावा तसा सरकायचा. तिसरं सगळ्यांत स्वस्त होतं, आणि म्हणूनच मीटरवाल्याची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

"याहून स्वस्त काही?"

"याहून स्वस्त म्हणजे खराब."

"चालेल," मीटरवाला म्हणाला. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने सीडी पाकिटात घातली, आणि विचार करून येतो असं पुटपुटत पायरी उतरला.

*

त्याची बायको काय काय बोलायची.

"अहो, माझ्या सवतीवर धूळ बसलीय, पुसा." सवत म्हणजे हा सेट. "बायकोने चार हाका मारलेल्या ऐकू येत नाहीत आणि म्हणे डाव्या स्पीकरात झांज कमी वाजते." "गाणं ऐकताय की गाण्याची तपासणी करताय?" आणि कापडाच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडून: "घ्या हो ताई, रंग गेला तर मी आहे ना इथे, पळून कुठे जातेय."

दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून ती घरी यायची आणि चप्पल काढता काढता पुन्हा सुरू व्हायची. तोंडाचा पट्टा हा शब्द त्या घरात शिवी नव्हता, ती घरातली एक वस्तू होती, पंख्यासारखी.

मग एका दुपारी कापड मोजता मोजता तिच्या हातातून गज पडला. मेंदूत गुठळी. पाय परत आला, उजवा हात अर्धामुर्धा आला, शब्द आले नाहीत. उरला एक "हो". भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. कुठल्या "हो"चा अर्थ "नाही" आहे ते तिच्या भुवयांवरून ओळखायचं.

आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या बाई येत. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. कप, किल्ली, कुत्रा. बाई कार्ड धरून भुवया उंचावून गोड चेहऱ्याने थांबत, आणि ती त्या कार्डाकडे, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी बघत राही.

*

चरा जुना होता. मुलगी लहान असताना तिने ती सीडी फरशीवर घासत घरभर गाडी म्हणून फिरवली होती. बाकी गाणी वाचली. एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात गायक म्हणायचा, दार लोटून ठेव, आणि

तिथे जुना प्लेअर अडायचा. आत काहीतरी किर्र करायचं, एक श्वास जायचा, मग गाणं पुढच्या ओळीला उगवायचं.

मधली ओळ घरातलं जो कोण असेल तो म्हणायचा. येईन मी उशिरा. तोंडात टूथपेस्टचा फेस असताना तो, पुस्तकात डोकं असताना मुलगी, आणि सगळ्यांत मोठ्याने ती. त्याला कुणी गाणं म्हणत नव्हतं. रस्त्यातल्या खड्ड्यावर फळी टाकावी तशी ओळ टाकायची आणि आपापल्या कामाला लागायचं.

दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या एका रविवारी घरातली शांतता त्याला खायला उठली, म्हणून त्याने तीच सीडी लावली आणि आत भाजी चिरायला बसला. बाहेर गायक म्हणाला, दार लोटून ठेव, आणि

"येईन मी उशिरा."

सुरात. तिच्याच आवाजात, किंचित बसलेल्या. सुरी तशीच हातात धरून तो बाहेर आला तेव्हा तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

त्यानंतर रोज. तो सीडी लावायचा आणि आत जाऊन काहीतरी चिरायचा. या विषयावर दोघं चकार शब्द काढत नव्हती. ती काढू शकत नव्हती आणि तो धजत नव्हता. कार्डवाल्या बाईंना मुलीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की असं होतं, गाणं मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात राहतं. फार आशा धरू नका. पण बंदही करू नका.

आणि मग प्लेअरच बंद झाला. आत सीडी आहे हेच त्याला दिसेना.

मुलीने ते गाणं फोनवर शोधून काढलं आणि त्याच स्पीकरांतून लावलं. धुतल्यासारखं स्वच्छ. तिसरं कडवं आलं, गायकाने आपली ओळ आपणच म्हटली, आणि आई पाहुण्यासारखी शेवटपर्यंत तोंड मिटून बसली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "याला चरा नाहीये."

*

दुसऱ्यांदा दुकानात गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. गज, कार्डं, भाजी, सगळं. सांगताना तो दुकानदाराकडे न बघता एका स्पीकरच्या जाळीकडे बघत होता.

दुकानदाराने आधी दुकानात वाजत असलेलं गाणं बंद केलं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि गिऱ्हाइकांनी परत आणलेली यंत्रं एकेक करून बाहेर आणायला लागला. उभं आयुष्य त्याने न चुकणारी यंत्रं विकली होती. आता दोन प्रौढ माणसं काउंटरवर वाकून चूक शोधत होती.

एका यंत्राने अख्खं कडवंच गाळलं. एकाने सीडी थुंकून टाकली. एक "ठेव"वर अडकलं आणि ठे ठे ठे ठे करत राहिलं, तेव्हा दुकानदाराने धावत जाऊन त्याची वायर उपटली. हा फारच अडतोय, तो म्हणाला, आपल्याला जरा बेताने अडणारा पाहिजे. यावर दोघं हसले आणि लगेच दोघांनाही कसंतरी झालं.

एक जुनं यंत्र होतं, त्याच्या पट्टीवरचे निम्मे आकडे उमटत नव्हते. गायक म्हणाला, दार लोटून ठेव, आणि

एक श्वास. मग पुढची ओळ.

दुकानदाराने मीटरवाल्याकडे पाहिलं. मीटरवाल्याने मान हलवली.

"गॅरंटी देणार नाही," दुकानदार यंत्र फडक्याने पुसत म्हणाला. "एखाद्या दिवशी नीट वाचलंन, तर माझ्याकडे यायचं नाही."

*

मुलीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तारा जोडल्या. आईची खुर्ची दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये आणली. बापलेक तिच्यासमोर बसली.

पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. दार लोटून ठेव, आणि



ती त्याच्याकडे बघत होती. मग मुलीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. गाणं परत आलं.

परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावायला तो उठला तेव्हा तिने मान खिडकीकडे वळवली आणि "हो" म्हणाली, आणि या "हो"चा अर्थ ओळखायला भुवया बघायची गरज नव्हती.

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग गेला. ती ओट्याला टेकून उभी होती.

"बाबा, आपण कार्ड धरून बसलो होतो."

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याकडे पाठ करून बसायला लागला. आत जाऊन भाजी चिरली. नळ सोडून ठेवला. एकदा तर घराबाहेर जिन्यात उभा राहिला. पण तिला आता माहीत झालं होतं. आधी यंत्र चुकायचं आणि ती सावरून घ्यायची, दुकानात नव्या मुलींच्या चुका सावरून घ्यायची तशी. आता ते तिच्यासाठी चुकत होतं. ती जागा आली की ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसायची, गाणं परत येईपर्यंत. न बोललेल्या शब्दाचा त्याला त्रास होत नव्हता, त्याची सवय झाली होती. तो एक श्वासभर वेळ ती शरमेने काढत होती, ते त्याला बघवेना.

*

"नीट वाचणारं?" दुकानदाराने विचारलं.

"नीट वाचणारं. ते तिसरं."

दुकानदाराने खोक्याला दोरी बांधली, दोन गाठी मारल्या, आणि एरवी कधी करत नसे ते केलं. पायरी उतरून खोकं त्याच्या हातात दिलं. जुनं यंत्र त्याने काउंटरखाली ठेवलं. कशाला परत आणलं, हे विचारलं नाही.

*

गाणं आता कुठेच अडत नाही. संध्याकाळी तो सीडी लावतो आणि तिच्या खुर्चीला पाठ टेकून जमिनीवर बसतो, ती बघते त्याच दिशेला तोंड करून. अ‍ॅम्प्लिफायर त्याने हाताशी ओढून घेतला आहे. पहिले काही दिवस तो नुसता बसला. गाणं गाण्यासारखं ऐकलं. स्पीकर चांगले आहेत, असं त्याला कधी नव्हे ते वाटलं.

मग एका संध्याकाळी तिसऱ्या कडव्याला त्याच्या पाठीमागची खुर्ची किंचित थरथरली.

ती हलली असेल. खोकला आला असेल. किंवा गायकाच्या ओळीच्या खाली, त्याच्या आवाजाच्या आडोशाने, कुणी बघत नाही असं बघून, आणखी एक आवाज होता.

मागे वळून बघायचं नाही हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने आवाज थोडा कमी ठेवला. तिसऱ्या दिवशी आणखी. ज्या स्पीकरांनी खिडकीची तावदानं हलायची, ज्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी भिंत ठोकली होती, त्यांतून आता गाणं कुजबुजल्यासारखं येतं. फ्रिजची घरघर मध्ये येते म्हणून तेवढ्यापुरता तो फ्रिज बंद करतो. पंखा बंद करतो.

मुलगी कामावरून आली, दारातच थबकली. दोघं एकापाठोपाठ एक, एकाच दिशेला तोंड करून, गप्प. तिने विचारलं, "बाबा, सेट बंद आहे का?"

त्याने हात वर केला. यंत्राच्या छोट्या पट्टीवर आकडे पुढे सरकत होते, म्हणजे गाणं चालू होतं. तिसरं कडवं जवळ आलं होतं. त्याच्या डोक्याच्या वर कुणीतरी श्वास आत घेतला. तो गायकाचा की तिचा, हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.

त्याने बटण आणखी केसभर मागे फिरवलं.